वहिवाट मोडणारी ओंजळ

२० मार्च १९२७. महाडमध्ये अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेली काही हजार माणसं रांगेने चालत चवदार तळ्यापाशी गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरले, वाकले, ओंजळ भरली आणि पाणी प्यायले. मागून आलेल्यांनीही तेच केलं. कोणी काही मोडलं-तोडलं नाही, कोणाच्या अंगावर धावून गेलं नाही. पाणी पिऊन सगळे शांतपणे मंडपाकडे परतले. त्यानंतर थोड्याच वेळात गावात लाठ्या निघाल्या.

समाजशास्त्रातला एक अवघड वाटणारा विषय समजावून सांगायला या ओंजळीपेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. प्रश्न असा आहे, की समाजाने आखून दिलेली रेघ ओलांडणाऱ्या वागण्याचं चळवळीत नेमकं काय काम असतं? अशा वागण्याला अभ्यासक 'विचलन' म्हणतात. शब्द कोरडा आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात त्यासाठी कितीतरी जिवंत शब्द आहेत. 'चाकोरी सोडली', 'मर्यादा सोडली', 'ताळतंत्र सोडलं', 'जनाची नाही तर मनाची तरी ठेव'. आणि सगळ्यात बोचरा म्हणजे 'पायरीने राहा'. ज्यांना पिढ्यानपिढ्या पायरीने राहायला सांगितलं गेलं, ती माणसं त्या दिवशी तळ्याच्या पायऱ्या उतरली.

पहिली गाठ इथेच सोडवून घेऊ. विचलन म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा कायद्याविरुद्ध असतो, विचलन लोकांच्या अपेक्षेविरुद्ध असतं. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, म्हणून आपली गल्लत होते. महाडला मात्र त्या सरळसरळ वेगळ्या दिसतात, कारण तिथे कायदा पाणी पिणाऱ्यांच्या बाजूने होता. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी पुढची तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाण्याला गेला नाही. जाऊ शकला नाही, असं म्हणणं जास्त खरं.

मग त्या दिवशी मोडलं ते काय? मोडली ती वहिवाट.

'वहिवाट' हा आपला शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात चालून चालून पडलेली वाट आहे, पिढीजात वापर आहे आणि कोर्टात चालणारा हक्कही आहे. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं गेलं की ती वहिवाट होते, आणि मग मालकालाही ती सहज अडवता येत नाही. तसंच एखाद्या समाजाला वर्षानुवर्षं पाण्यापासून लांब ठेवलं, की तीही वहिवाट होते. कोणी कधी ठरवलं, कशासाठी ठरवलं, हे विचारायची सोयच राहत नाही. कायदा बदलला तरी ती जागची हलत नाही, कारण ती कागदावर नसतेच. ती माणसांच्या पायांत असते. तळ्याच्या दिशेने पाऊल पडू लागलं की आपोआप थबकतं, तिथे ती राहते. म्हणून ती मोडायची तर पायांनीच मोडावी लागते. परिषदेतली भाषणं संपत आली तेव्हा कार्यकर्ते अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, की इथे जमलोच आहोत तर आत्ताच तळ्यावर जाऊन हक्क बजावू या. ठराव पास करून माणसं घरी गेली असती, तर १९२४ च्या कागदावर आणखी एक कागद पडला असता, एवढंच.

परिषदेच्या त्या दोन दिवसांतली एक बारीकशी गोष्ट मला विसरता येत नाही. जमलेल्या लोकांना पिण्यासाठी पाणी हवं होतं आणि ते सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी. १९२७ सालचे चाळीस रुपये. हाकेच्या अंतरावर तळं भरलेलं, ते सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव झालेला, आणि पाण्याला पैसे मोजायचे.

आता दुसरी गाठ, आणि माझ्या मते हीच या विषयाची किल्ली आहे. चवदार तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, ख्रिश्चन भरत होते, गुरं-ढोरं तोंड लावत होती. यातल्या कशानेही तळं बाटत नव्हतं. म्हणजे पाणी पिणं ही कृती वाईट नव्हती. तीच कृती एका ठरावीक माणसाने केली की 'भलतंच' काहीतरी व्हायचं. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जे मांडलं ते थोडक्यात हेच. विचलन कृतीत नसतं. ती कृती बघून इतर लोक जो शिक्का मारतात, त्यात ते असतं. शिक्का कोण मारतो, कोणावर मारतो आणि मारायची ताकद त्याच्याकडे आली कुठून, हे बघायला हवं. नियम आकाशातून पडत नाहीत. ते बनवण्यासाठी आणि राखण्यासाठी कोणीतरी झटत असतं, त्यात त्याचं हित असतं, असं बेकर सांगतो.

महाडमध्ये हे शिक्का मारण्याचं काम कसं झालं ते बघा. पाणी प्यायल्याची बातमी गावात पसरली, पण नुसत्या तेवढ्यावर गाव पेटलं नसतं. मग अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. देवळात जायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पण शिक्का गडद करायचा तर गोष्ट पाण्यावरून देवावर न्यावी लागते. जमाव लाठ्या घेऊन मंडपाकडे गेला. तिथे माणसं जेवत होती, काही परतीच्या तयारीत होती. बायकापोरांनाही मार बसला, अन्न मातीत कालवलं गेलं. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेब उतरले होते त्या डाक बंगल्याभोवती त्यांची माणसं जमली. त्यात पलटणीत नोकरी केलेले लोक होते आणि ते फक्त एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. पुढे जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे कोर्टाच्या भाषेत गुन्हेगार ठरले ते वहिवाट राखणारे. पण गावाच्या भाषेत वाह्यात ठरले होते ते पाणी पिणारे.

आणि तळं? ते 'शुद्ध' करण्यात आलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली १०८ मडकी मंत्र म्हणत पाण्यात बुडवली गेली आणि तळं पुन्हा सवर्णांना पिण्याजोगं झाल्याचं जाहीर झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला.

माझ्या वाचनात ही १०८ मडकी येतात तेव्हा दरवेळी मी थांबतो. कारण चाकोरीभंगाने चळवळीला काय मिळतं, त्याचं उत्तर या मडक्यांत आहे. तोवर वहिवाट गुपचूप चालली होती. कोणी तळ्याकडे जात नव्हतं, त्यामुळे कोणी अडवतही नव्हतं. बाहेरच्याला वाटलं असतं की सगळं कसं सुरळीत आहे, ज्याचा तो आपापल्या ठिकाणी आहे. ओंजळभर पाणी प्यायलं गेलं आणि त्या सुरळीतपणाच्या आत काय दडलं होतं ते उघड्यावर आलं. गोमूत्र आणि शेण पाण्यात मिसळलेलं चालतं, पण माणसाचा हात लागलेला चालत नाही, हे वाक्य शंभर भाषणांतून सांगूनही ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडलं नसतं. ते सनातन्यांनी स्वतः करून दाखवलं. अन्याय करणाऱ्याकडून त्याचा नियम मोठ्याने वदवून घेणं हे चाकोरीभंगाचं पहिलं काम. ते मोर्च्याने, अर्ज-विनंत्यांनी होत नाही, कारण अर्जाला उत्तर न देता गप्प बसता येतं. पाणी प्यायलेल्या माणसासमोर गप्प बसता येत नाही.

एमिल दुर्खीम या फ्रेंच विचारवंताने १८९५ मध्ये यावर एक धाडसी विधान केलं होतं. चाकोरी मोडणारे नाहीत असा समाज असूच शकत नाही, आणि असला तर तो निरोगी नव्हे, असं त्याने म्हटलं. त्याने उदाहरण दिलं सॉक्रेटिसचं. अथेन्सच्या कायद्याने सॉक्रेटिस गुन्हेगारच होता आणि त्याला रीतसर शिक्षा झाली. पण त्याचा गुन्हा होता विचारांचं स्वातंत्र्य घेण्याचा, आणि ते स्वातंत्र्य अथेन्सला पुढे लागणारच होतं. आजचं विचलन कधीकधी उद्याच्या नीतीची चाहूल असतं, असं दुर्खीमचं म्हणणं. यातला 'कधीकधी' हा शब्द मात्र घट्ट धरून ठेवायला हवा. नाहीतर कोणीही उठावं, नियम मोडावा आणि स्वतःला सॉक्रेटिस म्हणवून घ्यावं असं होईल.

मग चोर आणि सत्याग्रही यांच्यात फरक कसा करायचा? दोघेही नियम मोडतात. याचं सगळ्यात नेटकं उत्तर रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दिलं आहे. ते सांगण्यासाठी एक कल्पना करू. समजा, १९२७ च्या आधी एखादा तहानलेला माणूस रात्री कोणी बघत नाही असं बघून चवदार तळ्यावर गेला आणि पाणी पिऊन पळाला. त्यानेही वहिवाट मोडली. पण सकाळी विचारलं तर तो नाही म्हणेल. नियम चुकीचा आहे असं तो म्हणत नाही, त्याला फक्त सापडायचं नाही. त्याची तहान भागते, नियम जागच्या जागी राहतो. यात त्याचा दोष काढायचा नाही, तहान ही तहान आहे. पण ही चळवळ नव्हे. भर दिवसा, सगळ्यांसमोर, आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे सांगून जो पाणी पितो, तो वेगळा. तो लपत नाही. तो म्हणतो की हा नियमच अयोग्य आहे. होईल ती शिक्षा सोसायची त्याची तयारी असते. त्याला स्वतःपुरतं काही मिळवायचं नसतं. आणि तो समाजाच्याच एखाद्या मोठ्या मूल्याचा आधार घेतो. तुमच्याच धर्मात, तुमच्याच कायद्यात, तुमच्याच माणुसकीत जे लिहिलं आहे ते पाळा, असं सांगतो. पहिल्याचं वागणं मर्टन निव्वळ भरकटणं मानतो, दुसऱ्याचं नकार.

हा फरक हाताशी ठेवला की रोजच्या बातम्याही वेगळ्या दिसू लागतात. नियम मोडला का, एवढंच विचारून भागत नाही. उजेडात मोडला की अंधारात, स्वतःसाठी की सगळ्यांसाठी, किंमत कोण मोजणार, हे विचारावं लागतं. महाडच्या मंडपावर लाठ्या चालवणाऱ्यांनीही कायदा मोडलाच होता. पण तो मोडला तो दुबळ्याला जागच्या जागी दाबण्यासाठी, आणि कोर्टात उभं राहिल्यावर 'होय, आम्ही मारलं आणि ते योग्यच होतं' असं म्हणायची हिंमत अशा माणसांत सहसा नसते.

शिस्त आणि लुगडं

आता जे सांगणार आहे ते पहिल्यांदा उलटं वाटेल. एक नियम मोडणाऱ्या चळवळीला बाकीचे नियम फार काटेकोर पाळावे लागतात.

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी दुसरी परिषद भरली. तोवर गाव सावध झालं होतं. परिषदेला जागा मिळेना, शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं, धान्य बाहेरून आणावं लागलं. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाडला आले. सुमारे दहा हजार माणसं जमली होती. आणि नेमक्या त्याच वेळी सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली होती. तळं खाजगी आहे असा दावा लावून त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता.

दहा हजार माणसं पोटतिडकीने आलेली. तुरुंगात जायला तयार असलेल्यांनी नावं दिलेली. समोर तळं. आणि बाबासाहेबांनी हुकूम मोडायचा नाही असं ठरवलं. नंतर मिरवणूक निघाली, ती तळ्याला वळसा घालून शांतपणे परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

हे समजून घ्यायला हवं. रूढी मोडायची होती, कायदा नव्हे. वहिवाटीशी लढताना कायदा हा एकच सोबती होता, त्याच्याशी बिनसलं असतं तर सनातन्यांना हवं तेच झालं असतं. मार्चमध्ये डाक बंगल्याबाहेर थांबलेल्यांना आवरणं आणि डिसेंबरमध्ये तळ्यापासून मागे फिरणं, या दोन गोष्टी मला पाणी पिण्याइतक्याच मोठ्या वाटतात. चाकोरी मोडणाऱ्यावर 'हे असलेच, दंगेखोर' हा शिक्का मारायला समोरचा टपलेलाच असतो. त्याच्या हाती दुसरं काहीच द्यायचं नाही, म्हणजे शिक्का त्या एका कृतीवरच मारावा लागतो. आणि ती कृती म्हणजे पाणी पिणं. मग शिक्का मारणाऱ्याचाच हात लोकांना दिसतो.

तळ्याला हात लावला नाही, पण माणसं रिकाम्या हाताने परतली असंही नाही. २५ डिसेंबरच्या रात्री मंडपासमोरच्या चौकोनी खड्ड्यात चंदनाची लाकडं रचून मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, ते जन्माने ब्राह्मण. पाण्याची मनाई ज्या ग्रंथाच्या आधाराने केली जात होती, तो आधारच नाकारला गेला. एका पाणवठ्याच्या वहिवाटीवरून लढाई सगळ्या वहिवाटींच्या मुळाशी गेली. सवर्ण समाजाला त्या काळी हे ओंजळीपेक्षा किती भयंकर वाटलं असेल! पण कायद्याने त्यात काही आडवं येत नव्हतं. आज २५ डिसेंबर हा दिवस अनेक संघटना स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, कारण त्या ग्रंथाने बायकांनाही बांधून ठेवलं होतं.

याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. तुमच्या नेसण्यावरून, गळ्या-हातांतल्या जड जड दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबूनच ओळखू येतं, ही ओळख टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून नेसण्याची पद्धत होती. परिषदेला मदत करणाऱ्या सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या बायकांनी घोळदार लुगडं नेसवून दाखवलं आणि कितीतरी जणी घोट्यापर्यंत लुगडं नेसून वावरू लागल्या.

आता या लुगड्याकडे जरा थांबून बघा. घोट्यापर्यंत लुगडं नेसणं यात बंड कुठे आहे? ते तर तेव्हाच्या सभ्य घरांतलं अगदी रीतीचं नेसणं. ब्राह्मणाच्या बाईने तसं नेसलं की तिला चांगल्या घरची म्हणतात. महाराच्या बाईने तसं नेसलं की गावात म्हणायचे, हिला माज आला. वस्त्र तेच, घोळ तोच. रीत पाळणं हेच बंड ठरू शकतं, जर ती रीत तुमच्यासाठी नाहीच असं ठरलेलं असेल तर. बेकरचं सगळं म्हणणं त्या लुगड्याच्या काठात मावतं. आणि तळ्यावर जाणं एक दिवसाचं होतं, लुगडं रोजचं. त्या बाईला दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी जाऊन, त्याच नेसण्यात, मुंबईहून आलेलं कोणीही पाठीशी नसताना, पाटलाच्या वाड्यासमोरून जायचं होतं. चळवळीच्या इतिहासात तळ्याचं चित्र असतं. या चालत जाणाऱ्या बाईचं नसतं, याची मला खंत वाटते.

मृत जनावरं ओढणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, हेही त्या परिषदांमध्ये सांगितलं गेलं. हे सगळं ऐकून माणसं गावोगाव परतली, आणि किंमत मोजली गेली ती तिथे. जनावर ओढायला नाही म्हटलं की बलुतं बंद, मजुरी बंद, वाटेवरून जायला बंदी, वाण्याने मीठ-मिरची द्यायची नाही. चाकोरीभंगाच्या गोष्टी सांगताना आपण नेत्याच्या धैर्यापाशी थांबतो. पण शिक्षा बहुधा त्याला होते ज्याचं नाव कुठे छापून येत नाही, ज्याच्याकडे गाव सोडून जायची सोय नसते. जो कोणी चळवळीत नियम मोडायची हाक देतो, त्याने हा हिशेब आधी मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं. बाबासाहेब तो मांडत होते. डिसेंबरमधली माघार त्या हिशेबातूनही आली होती.

एकट्याचं बंड

त्याच १९२७ सालच्या जुलैमध्ये मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. संततिनियमन आणि कामजीवन यांवर ते मोकळेपणाने लिहीत. १९२१ मध्येच त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं आणि या कामापायी गणिताची प्राध्यापकी गमावली होती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

मर्टनच्या प्रत्येक कसोटीला कर्वे उतरतात. उजेडात केलं, नाव लावून केलं, किंमत मोजली, स्वतःसाठी काही मागितलं नाही. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत मासिक चालवलं. पण त्यांच्यामागे रांग नव्हती. ज्या बायकांसाठी ते लिहीत, त्यांना उघडपणे 'हो, हे आमचं म्हणणं आहे' असं म्हणायची सोय नव्हती. एकट्याने मोडलेली चाकोरी लोकांना विक्षिप्तपणा म्हणून बाजूला सारता येते. 'त्याचं डोकं फिरलंय' एवढं म्हटलं की काम भागतं. अडीच हजार माणसांचं डोकं एकाच दिवशी फिरलं असं म्हणता येत नाही. चळवळ चाकोरीभंगाला जे देते ते हे. तिच्यामुळे नवं वागणं एका माणसाचा स्वभाव राहत नाही, ते मत म्हणून ऐकावं लागतं. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात तसं करणारा तो पहिला देश. कर्वे तेव्हा हयात होते, पण त्या रांगेत त्यांना पुढे उभं करावं असं कोणाला वाटलं नाही.

दलित पँथर या तरुणांच्या संघटनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या या तरुणांनी भाषेची वहिवाट मोडली. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जास्त शिक्षा आणि दलित बाईच्या विटंबनेला किरकोळ दंड, हे कसं, असा सवाल पँथरच्या राजा ढाल्यांनी 'साधना' साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिन अंकात ज्या शब्दांत केला, त्या शब्दांवरून महाराष्ट्र हादरला. लोक शब्दांवर चिडले, विटंबनेवर तेवढे चिडले नाहीत. पुन्हा तेच झालं, न सांगितलेला नियम मोठ्याने बाहेर आला. चळवळीचं असं एक आक्रमक टोक असलं की तिच्या सौम्य मागण्या अचानक समंजस वाटू लागतात, असा अभ्यासकांचा एक निष्कर्ष आहे. उलटही होतं. टोकाच्या भाषेचं निमित्त करून सगळ्या चळवळीलाच झोडपता येतं. कोणत्या वेळी काय होईल याचं सूत्र कोणाजवळ नाही.

परत महाडच्या दाव्याकडे येतो. तो दहा वर्षं चालला आणि शेवटी मुंबई हायकोर्टात गेला. तिथे प्रश्न अक्षरशः वहिवाटीचाच होता. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादि काळापासून अखंड चालत आली आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालं नाही. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी त्यांचं अपील फेटाळलं. हेच ब्रूमफिल्ड १९२२ मध्ये अहमदाबादेत न्यायाधीश होते आणि राजद्रोहासाठी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली होती. न्यायासनावरचा माणूस तोच, एका खटल्यात चाकोरी मोडणारा तुरुंगात गेला, दुसऱ्यात त्याचा हक्क मान्य झाला.

आणि मला त्या निकालातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ही, की 'हे पूर्वापार चालत आलंय' हे वाक्य पुराव्यापुढे टिकलं नाही. जे सगळ्यांना आभाळाइतकं जुनं वाटत होतं, ते जुनं आहे हेच कोणाला दाखवता आलं नाही. पण त्याचा पुरावा मागायची वेळ कोणी पाणी प्यायल्याशिवाय आली नसती.

पुढे शिक्का उलटा फिरला. १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपुष्टात आणली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं. पाणी पिणारा रीतीचा झाला, अडवणारा गुन्हेगार. चाकोरी मोडणाऱ्यांना गाव जी शिक्षा देत आलं, त्या वाळीत टाकण्याचंही तसंच झालं, पण फार उशिरा. धर्म-जातीतून बहिष्कृत करण्याविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. त्यानंतर अर्धं शतक उलटलं. आंतरजातीय लग्न केलं, जातपंचायतीचं ऐकलं नाही, गावकीची वर्गणी दिली नाही म्हणून घरंच्या घरं वाळीत पडत राहिली. अशा प्रकरणांसाठी ज्या जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा वर्तमानपत्रांत आलं तो रायगड, म्हणजे जुना कुलाबा, महाडचाच जिल्हा. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आता कायदा आहे. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेचा ठरावही होता. वाळीत पडलेल्या घरातल्या बाईने गावच्या नळावर घागर घेऊन जायचं, सगळ्यांच्या नजरा झेलत आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभं राहायचं, हे काम अजून तिलाच करावं लागतं.

दर २० मार्चला महाडला लोक येतात. एसटीने, टेम्पोने, कडेवर पोरं घेऊन. तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि पाण्याला हात लावतात.